सातबारा कुणाच्या नावावर?

५ नोव्हेंबर २००७ रोजी गूगलने अँड्रॉइडची घोषणा केली आणि त्याच दिवशी सन मायक्रोसिस्टिम्सचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी आपल्या ब्लॉगवर गूगलचं तोंडभरून अभिनंदन केलं. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा सनच्या घरची. अँड्रॉइडची अ‍ॅप्स जावातच लिहायची होती, पण गूगलने त्यासाठी सनकडून लायसन्स घेतलेलं नव्हतं. आधी दोन्हीकडची बोलणी झाली होती आणि ती फिसकटली होती. तरीही श्वार्ट्झ यांनी स्वागत केलं. जावाला यातून बळच मिळेल, असा त्यांचा सूर होता.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने ७.४ अब्ज डॉलरच्या सौद्यात सन विकत घेतली. सात महिनेही पुरे व्हायच्या आत, १२ ऑगस्टला, ओरॅकलने जावाच्या कॉपीराइट आणि पेटंटच्या भंगाबद्दल गूगलला कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात खेचलं.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुनावणी झाली तेव्हा श्वार्ट्झ गूगलच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. त्यांच्याआधी सनचे प्रमुख असलेले, कंपनीच्या संस्थापकांपैकी एक स्कॉट मॅकनीली ओरॅकलच्या बाजूने आले. एकाच कंपनीचे दोन माजी प्रमुख एकाच प्रश्नावर दोन तोंडांनी बोलले. मग ज्यूरीला दोन प्रश्न विचारण्यात आले. लायसन्सची गरज नाही असं गूगलला वाटावं, असं सनचं वागणं होतं का? ज्यूरी म्हणाली, होतं. आणि गूगलने खरोखर त्या वागण्यावर विसंबून पाऊल टाकलं, हे सिद्ध झालं का? ज्यूरी म्हणाली, नाही. गूगलच्याच एका इंजिनियरने २०१० मध्ये लिहिलेला ईमेल ओरॅकलने पुढे केला होता. जावाचे पर्याय बिनकामाचे आहेत, आपण लायसन्सची बोलणी करायला हवीत, असा त्याचा मतलब. म्हणजे श्वार्ट्झ यांचं जाहीर स्वागत खोटं नव्हतं, पण कोर्टात त्याच्या जोरावर गूगलची सुटका झाली नाही.

प्रस्तुत पुस्तकाचं बीज मला या दोन उत्तरांत दिसतं. गावाकडे एखाद्याला जमीनमालक सांगतो, ‘कस की तू, मी काही म्हणत नाही.’ तो वीस वर्षं कसतो, विहीर खोदतो, बांध घालतो. मालक जमीन विकतो. नवा मालक तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहतो आणि त्यावर जुन्या मालकाचं ‘मी काही म्हणत नाही’ कुठेच उतरलेलं नसतं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आपण रोज अशा जमिनीवर बंगले बांधतो, आणि बांधकाम सुरू करण्यापूर्वी उतारा काढून पाहण्याची पद्धत आपल्यात नाही.

पद्धत नाही, कारण हा विषय कुठे शिकवलाच जात नाही. पुण्या-मुंबईच्या क्लासांनी ‘कोअर जावा’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स जावा’ अशा बॅचेस काढून माणसं तयार केली. इंजिनियरिंगच्या पोरांना इनहेरिटन्स, इंटरफेस, एक्सेप्शन हँडलिंग सगळं तोंडपाठ. पण जावाचा संच (जेडीके) डाउनलोड करताना ज्या खिडकीत ‘आय अ‍ॅक्सेप्ट’ दाबतो त्या मजकुरात काय आहे, हा प्रश्न तोंडी परीक्षेला कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता थोडं जवळ जाऊन पाहू, कारण या खटल्यातली खरी मेख वकिली भाषेत हरवून जाते. दोन संख्यांपैकी मोठी कोणती, हे जावात विचारायचं तर ‘मॅथ डॉट मॅक्स’ लिहायचं आणि कंसात दोन संख्या द्यायच्या. याच्या मागे दोन गोष्टी असतात. एक घोषणेची ओळ : नाव ‘मॅक्स’, घेणार दोन पूर्णांक, देणार एक पूर्णांक, राहणार ‘मॅथ’ नावाच्या क्लासात, आणि तो क्लास ‘जावा डॉट लँग’ नावाच्या पॅकेजात. दुसरी, प्रत्यक्ष तुलना करणारा कोड. हा दुसरा भाग गूगलने सनकडून घेतला नाही. घोषणेच्या ओळी मात्र जशाच्या तशा उचलल्या, कारण लाखो प्रोग्रॅमरांच्या बोटांना त्याच नावांची सवय होती. ‘मॅक्स’चं नाव बदलून ‘लार्जर’ केलं असतं तर काम तेच झालं असतं, पण जावा येणाऱ्या माणसाला पुन्हा शाळेत बसावं लागलं असतं. अशी ३७ पॅकेजेस, मिळून सुमारे साडेअकरा हजार ओळी. जावाच्या एपीआयच्या, म्हणजे अशा घोषणा आणि त्यांच्यामागचा कोड मिळून, २८.६ लाख ओळींतला हा जेमतेम ०.४ टक्के भाग, आणि त्यासाठी ओरॅकलने पुढे मागणी केली सुमारे ९ अब्ज डॉलरची.

हा खटला चालवणारे न्यायाधीश विल्यम अल्सप हे या कहाणीतलं मला सर्वांत आवडणारं पात्र. गूगलने नऊ ओळींचं ‘रेंजचेक’ नावाचं एक फंक्शन जसंच्या तसं वापरल्याचं निघालं आणि ओरॅकलच्या वकिलांनी त्याचा बाऊ केला. अल्सप यांनी भर कोर्टात सांगितलं की मी स्वतः प्रोग्रॅमिंग केलं आहे आणि असा कोड शंभरदा लिहिला आहे. ३१ मे २०१२ रोजी त्यांनी निकाल दिला की अशा घोषणांच्या रचनेवर कॉपीराइट लागत नाही. पेटंटच्या बाबतीत तर ज्यूरीने आधीच गूगलला सोडून दिलं होतं. तिथे हा विषय संपला असता तर हे पुस्तक निम्म्याने पातळ झालं असतं. पण मे २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने, म्हणजे फेडरल सर्किटने, निकाल फिरवला : कॉपीराइट लागतो. २०१६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने म्हटलं की गूगलचा वापर ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीविना चालणाऱ्या रास्त वापरात, बसतो. मार्च २०१८ मध्ये फेडरल सर्किटने तेही उलटवलं. शेवटी ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेयर यांचं.

प्रोग्रॅमर मंडळींनी त्या दिवशी पेढे वाटले. मला तेव्हाही तो आनंद अर्धवट वाटला होता. एपीआयवर कॉपीराइट लागतो की नाही, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातच लावला नाही. वादापुरतं लागतो असं धरून चालू, म्हणाले, आणि या वापराला ‘फेअर यूज’ ठरवून मोकळे झाले. ‘फेअर यूज’ हा आरोप झाल्यानंतर करायचा बचाव आहे, आणि तो प्रत्येक खटल्यात त्या खटल्याच्या तपशिलांवर तोलला जातो. साडेदहा वर्षांहून अधिक काळ, दोन ज्यूरी, अपिलांच्या फेऱ्या आणि वकिलांची फौज एवढं सगळं पुरवायला गूगलची तिजोरी लागते. चाळीस माणसांच्या कंपनीला पहिल्या नोटिशीलाच तडजोड करावी लागेल, मग कायदा तिच्या बाजूने असो वा नसो. युरोपात चित्र जरा स्वच्छ आहे. एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २ मे २०१२ रोजी सांगून टाकलं की प्रोग्रॅमचं कार्य, प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटा फाइलींचा साचा यांवर कॉपीराइट नाही.

या महाखटल्याच्या सावलीत एक छोटी गोष्ट झाकली गेली आहे. लेखकांनी तिला स्वतंत्र प्रकरण दिलं, हे फार बरं केलं. अपाची फाउंडेशनने २००५ मध्ये ‘हार्मनी’ नावाने जावाची स्वतंत्र, मुक्त आवृत्ती लिहायला घेतली. कोड त्यांचा स्वतःचा. पण एखाद्या आवृत्तीला अधिकृतपणे ‘जावाशी सुसंगत’ म्हणवून घ्यायचं तर सनच्या मालकीच्या चाचण्यांचा एक संच पास व्हावा लागे. सनने त्या चाचण्यांच्या लायसन्समध्ये अट घातली : सॉफ्टवेअर कुठे कुठे चालवायचं यावर मर्यादा. मोबाइलसारखी क्षेत्रं त्या मर्यादेबाहेर पडत होती. मुक्त सॉफ्टवेअर म्हणवणाऱ्याला ही अट पाळणं शक्यच नाही. एप्रिल २००७ मध्ये अपाचीने सनला खुलं पत्र लिहिलं, डिसेंबर २०१० मध्ये जावाच्या कार्यकारी समितीतून अंग काढून घेतलं आणि २०११ मध्ये हार्मनी गुंडाळली गेली. गंमत अशी की याच काळात सनने स्वतःचा जावाचा कोड जीपीएल या मुक्त लायसन्सखाली खुला केला होता आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. कोड सगळ्यांना खुला आणि चाचण्यांची किल्ली मात्र सनच्या कनवटीला. आणि अँड्रॉइडच्या लायब्ररीचा पाया कुठून आला होता? हार्मनीतूनच.

आता दुसरी बाजू, कारण भीती नेहमी खरीच ठरते असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प आणि डॉटनेटची मुक्त आवृत्ती ‘मोनो’ या नावाने मिगेल दे इकाझा यांनी २००१ मध्ये सुरू केली. भाषेला एक्मा या संस्थेने प्रमाण म्हणून मान्यता दिली होती, तरी पेटंटची टांगती तलवार होतीच. जून २००९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी बजावलं की मुक्त सॉफ्टवेअर सी-शार्पवर अवलंबून ठेवू नका, उद्या हे पाय ओढतील. लगेच जुलैत मायक्रोसॉफ्टने प्रमाणित भागापुरतं पेटंट न वापरण्याचं वचन जाहीर केलं. एएसपी डॉटनेट, विंडोज फॉर्म्स यांसारखे भाग, ज्यांवर लोक प्रत्यक्षात पोट भरत होते, त्या वचनाबाहेर राहिले. पुढे काय झालं? २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेटचा गाभाच एमआयटी लायसन्सखाली खुला केला, २०१६ मध्ये मोनोमागची झामरिन ही कंपनी विकत घेऊन मोनोलाही तेच लायसन्स दिलं, आणि २०२४ मध्ये मोनोचं पालकत्व वाइन प्रकल्पाकडे सोपवून टाकलं. स्टॉलमन यांची भविष्यवाणी फसली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्या दिवशी त्यांनी इशारा दिला त्या दिवशी कागद त्यांच्या बाजूने होता. कागद नंतर बदलला, तोही कंपनीचा धंदा क्लाउडकडे वळला म्हणून. मालकाची गरज पालटल्यावर मिळालेली सूट ही आपण आधी लावलेल्या हिशेबाची कमाई धरता येत नाही.

कॉपीराइट आणि पेटंट एवढ्यावर थांबलं तरी परवडलं असतं. तिसरं हत्यार नावाचं. सनने १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला होता. जावात परस्पर बदल करून वर सुसंगततेचा लोगो मिरवतात, ही तक्रार. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. पण नावाच्या मालकीचा चटका सामान्य प्रोग्रॅमरला बसला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई, म्हणजे बँका-विमा कंपन्यांच्या मोठाल्या सॉफ्टवेअरचा कणा, एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकायचं ठरवलं. कोड दिला, नाव दिलं नाही. म्हणून ‘जकार्ता ईई’ असं नवं बारसं झालं. शिवाय ‘जावाएक्स’ या नावाने सुरू होणाऱ्या पॅकेजांत पुढे बदल करायचे नाहीत, असं ठरलं. परिणामी २०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये या पॅकेजांचं पहिलं पद ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालं, आणि २०२२ मध्ये स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कची आवृत्ती ३ आल्यावर ते सगळ्यांच्या गळ्यात पडलं. ज्यांनी फाइंड-रिप्लेस मारून सुटायचं ठरवलं ते तोंडावर आपटले, कारण ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स डॉट स्विंग’ ही मूळ जावाचा भाग असल्याने जागच्या जागी राहिली होती. सर्व्हलेटचं पॅकेज बदलायचं, एसक्यूएलचं नाही. एका ट्रेडमार्कपायी हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत किती शनिवार-रविवार खर्ची पडले असतील! त्यातून सॉफ्टवेअरमध्ये नवं काही आलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि चौथं, सर्वांत साधं आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचं : करार. इथे कोर्टकचेरी होतच नाही. जानेवारी २०१९ नंतर जावा ८ चे फुकटचे अपडेट व्यावसायिक वापरासाठी थांबले. जावा ११ ची ओरॅकलची आवृत्ती शिकायला आणि डेव्हलपमेंटला फुकट, प्रत्यक्ष कामावर चढवायला पैसे. जावा १७ ला, सप्टेंबर २०२१ मध्ये, पुन्हा काही काळासाठी फुकट. मग जानेवारी २०२३ मध्ये मोजमापच बदललं. जावा किती सर्व्हरवर चालतो हा हिशेब गेला, कंपनीत माणसं किती हा आला. ९९९ माणसांपर्यंत दरडोई महिना १५ डॉलर हा यादीतला दर, आणि ‘कर्मचारी’ या व्याख्येत अर्धवेळवाले, हंगामी, कंपनीच्या अंतर्गत कामाला हातभार लावणारे कंत्राटदार आणि सल्लागारही. ८०० माणसांचा कारखाना घ्या. जावा चालतो स्टोअरच्या एका जुन्या प्रोग्रॅमला, वापरतात वीस जण. बिल वर्षाला १ लाख ४४ हजार डॉलर. लेथवर उभ्या असलेल्या माणसाचेही त्यात १५ डॉलर.

तरीही या प्रकरणात आभाळ कोसळलं नाही, आणि त्याचं कारण या पुस्तकाचा दुसरा निम्मा भाग आहे. सनने २००६-०७ मध्ये जावा खुला केला तो जीपीएल या लेखी लायसन्सवर. कंपनी विकली गेली, मालक बदलला, पण जो कोड त्या लायसन्सखाली बाहेर पडला तो बाहेरच राहिला. त्यामुळे त्या खुल्या कोडवर, म्हणजे ओपनजेडीकेवर, उभ्या असलेल्या टेम्युरिन, कोरेटो, झुलू यांसारख्या आवृत्त्या आज बाजारात आहेत आणि बहुतेकांना तिकडे जाणं हे एका आठवड्याचं काम असतं. खुद्द गूगलने खटला चालू असतानाच, २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून, हार्मनीचा पाया काढून ओपनजेडीकेचा घातला. श्वार्ट्झ यांच्या अभिनंदनाने जे साधलं नाही ते त्यांच्याच काळात लागलेल्या या कोरड्या कायदेशीर मजकुराने साधलं.

भारतीय कायद्यावरचं प्रकरण लहान आहे, पण मराठीत हे इतक्या सोप्या भाषेत मी प्रथमच वाचलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो, म्हणजे कायद्याच्या लेखी कादंबरीकार आणि पेरोलचा प्रोग्रॅम लिहिणारा एकाच पंक्तीला. पण त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक मोलाची सवलत आहे : स्वतंत्रपणे लिहिलेला आपला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून चालवायला जी माहिती अत्यावश्यक आहे आणि सहजी मिळत नाही, ती काढून घेण्यासाठी कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याने केलेली कृती हा भंग नव्हे. पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही भिंत खिळखिळी करायचा प्रयत्न झाला होता. २००५ च्या दुरुस्तीत संसदेने तो भाग गाळला. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की माल पुण्यात लिहून टेक्ससमध्ये विकला तर वादाचा कायदा बहुधा तिकडचा असतो, आणि करारातल्या ‘न्यायक्षेत्र’ या शेवटच्या पानावरच्या कलमाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

लेखकांशी एका ठिकाणी माझं जमत नाही, आणि प्रस्तावनेत ते सांगण्याची मोकळीक त्यांनीच दिली आहे. कंपनीच्या मालकीचा प्लॅटफॉर्म शक्यतो घेऊच नये, असा त्यांचा कल आहे. हे कागदावर ठीक. पण गेम बनवणाऱ्या चार पोरांनी स्वतःचं इंजिन लिहायला घेतलं तर गेम बाजारात कधी यायचा? त्यांनी युनिटी हे तयार इंजिन घेतलं यात चूक नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने दर इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं, आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ती लागू होणार म्हटल्यावर जगभर बोंब झाली, महिन्याभरात प्रमुख पायउतार झाले आणि वर्षभराने ती फीच रद्द झाली. यातून मी शिकलो ते वेगळं : ज्या आवृत्तीवर काम सुरू केलं त्या आवृत्तीच्या अटींची प्रत, तारखेसह, स्वतःकडे जपून ठेवावी. वेबवरच्या अटी बदलतात आणि जुन्या शोधायला गेलं की सापडत नाहीत. सगळ्या भाड्याच्या घरांतून बाहेर पडणं कुणालाच जमणार नाही. कोणत्या खोलीत किती सामान ठेवायचं, एवढं मात्र ठरवता येतं.

वकिलांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं. प्रोग्रॅमरांनी आणि छोट्या कंपनीच्या मालकांनी आधी आपल्या सर्व्हरवर ‘जावा’, पुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘व्हर्जन’ एवढं टाइप करून पाहावं. तीन ओळी येतात. दुसऱ्या ओळीत ‘ओपनजेडीके’ दिसलं तर सावकाश, सुरुवातीपासून वाचायला हरकत नाही. तिथे ‘जावा’च्या पुढे कंसात ‘टीएम’ आणि मग ‘एसई’ दिसलं, तर करारांवरचं प्रकरण आधी उघडावं, आणि ते वाचून होईपर्यंत विक्री विभागाकडून आलेल्या, ‘तुमचा जावाचा वापर समजून घ्यायचा आहे’ अशा गोड ईमेलला उत्तर देऊ नये.